अंगठा वर, मीही वर



नालवाडीचा मी, पोहायला शिकलो पवनारच्या धाम नदीत. तेवढ्या भांडवलावर गेल्या वर्षी मालवणला स्कूबा डायव्हिंगला गेलो.

बोटीत प्रशिक्षकाने सगळ्या खुणा समजावल्या आणि विचारलं, "कळलं का, काका?" मी सवयीने "हो" म्हणालो. गणिताच्या तासाला म्हणायचो ना, तसंच!

पाण्याखाली त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवला, म्हणजे 'ठीक आहे ना?' मी खुशीत अंगठा वर केला. त्याने मला सरळ वर आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. असं तीनदा झालं. बोटीतली पोरं मोठ्याने मोजत होती आणि आमच्या सौ. व्हिडिओ काढत होत्या.

चौथ्यांदा मी शहाण्यासारखा गोल दाखवला. पण कान ठणकत होता. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. म्हणून उतरताना नाक दाबून हलकेच हवा फुंकायची असते. ते मी ऐकलंच नव्हतं. तरी लाजेपोटी गोल दाखवत राहिलो. अगदी असह्य झालं, तेव्हा पंजा हलवून कानाकडे बोट केलं. त्याने थोडं वर घेतलं, नाक दाबायला लावलं. कान मोकळा झाला, आणि मग कुठे मासे दिसले!

सर, बाई, आज कबूल करतो. तुमच्या तासालाही मला पुष्कळदा कळलं नव्हतं. नुसतं "नाही कळलं" म्हटलं असतं, तर तुम्हीही थांबला असता.