टिर्पिट्झचे आरमार

पहिल्या महायुद्धाआधी जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्धनौका बांधण्याची जी चुरस लागली, तिच्याविषयी आज बोलायचे आहे. अ‍ॅडमिरल टिर्पिट्झ १८९७ मध्ये जर्मन नौदल खात्याचा प्रमुख झाला आणि १८९८ व १९०० च्या दोन कायद्यांनी त्याने ३८ मोठ्या युद्धनौकांची योजना संसदेकडून मंजूर करून घेतली. ब्रिटनला हरवावे एवढे बळ त्याला नकोच होते. उत्तर समुद्रात झुंज झाली तर जिंकूनही ब्रिटन इतका घायाळ व्हावा, की पुढे फ्रान्स-रशियासमोर त्याचा टिकाव लागू नये. या धास्तीने तो आपल्याशी जुळवून घेईल, असा त्याचा हिशेब होता. ब्रिटनचे फ्रान्स-रशियाशी वैर कायम राहणार आणि त्याची जहाजे जगभर विखुरलेलीच राहणार, हे त्यात गृहीत धरलेले होते. ब्रिटनने १९०२ मध्ये जपानशी, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी करार केले, मोठी जहाजे मायदेशाजवळ आणली आणि हिशेबाचा पायाच ढासळला. मला वाटते, हे आरमार तोफ डागण्यापूर्वीच हरले होते.

यावर कोणी म्हणेल, जर्मन कारखानदारीची वाढ पाहता ब्रिटनशी वैर अटळच होते, आरमाराला बोल का लावायचा? पण त्याच काळात अमेरिकेची कारखानदारी ब्रिटनच्या पुढे गेली आणि तिचे नौदलही वाढत होते. तिच्याशी ब्रिटनने स्पर्धा मांडली नाही. मध्य अमेरिकेत व्हायच्या कालव्यावरचा आपला हक्क १९०१ मध्ये सोडून दिला. व्यापारातली चढाओढ दोघांशीही होती, मात्र जर्मन युद्धनौका ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यासमोर उभ्या राहत होत्या आणि ब्रिटन जगत होता तो समुद्रावरून येणाऱ्या धान्यावर. १९०६ मध्ये बारा इंची दहा तोफांचे, टर्बाइनवर चालणारे ब्रिटनचे ‘ड्रेडनॉट’ जहाज आले, तेव्हा जुनी जहाजे मागे पडली आणि शर्यत जवळजवळ नव्याने सुरू झाली. तरी जर्मनीला ती झेपणारी नव्हती. ब्रिटनला आरमार पोसायचे होते. जर्मनीला आरमाराबरोबर दोन सरहद्दींवरचे लष्करही. त्यात मोठी जहाजे जावीत म्हणून जर्मनीतला कीलचा कालवा रुंद करावा लागला, ते काम १९१४ च्या जूनपर्यंत चालले.

जटलंडच्या लढाईचा दाखला दुसऱ्या बाजूने नेहमी दिला जातो. १९१६ च्या मे-जूनमधल्या त्या लढाईत ब्रिटनची १४ जहाजे बुडाली, जर्मनीची ११. ब्रिटनचे सहा हजारांवर लोक मेले, जर्मनीचे अडीच हजार. बुडालेली जहाजे मोजली तर जर्मनीची सरशी खरी. पण उत्तर समुद्रातून महासागराकडे जायच्या वाटा दोनच, डोव्हरची सामुद्रधुनी आणि स्कॉटलंड-नॉर्वेमधला पट्टा. दोन्ही लढाईच्या आदल्या दिवशी ब्रिटनच्या ताब्यात होत्या आणि नंतरही राहिल्या. जर्मनीचा समुद्री व्यापार अडवणारी ब्रिटनची नाकेबंदी तसूभरही सैल झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात बटाट्याचे पीकही बुडाले आणि जर्मन घरांतून लोकांना सलगमवर दिवस काढावे लागले.

आता पाणबुड्यांचा मुद्दा. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एप्रिल १९१७ या एका महिन्यात जर्मन पाणबुड्यांनी आठ लाख टनांहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली आणि ब्रिटन खरोखर हादरला. परंतु ते यश युद्धनौकांचे नव्हते. पाणबुडीला त्या दोन वाटांचा अडसर कमी जाचतो, ती पहाऱ्याखालून निघून जाते. टिर्पिट्झने सारा जोर युद्धनौकांवर दिल्यामुळे १९१४ मध्ये जर्मनीकडे जेमतेम तीसेक पाणबुड्या होत्या. शिवाय त्यांच्या सरसकट हल्ल्यांनी अमेरिका युद्धात ओढली गेली, आणि ब्रिटनने व्यापारी जहाजे पहाऱ्याच्या काफिल्याने न्यायला सुरुवात केल्यावर बुडणाऱ्या जहाजांचे प्रमाण उतरत गेले. युद्धनौकांचा मुख्य ताफा बहुतेक वेळ बंदरातच होता. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस त्याला शेवटच्या झुंजीसाठी निघण्याचा हुकूम आला, तेव्हा खलाशांनी तो मानायला नकार दिला. ते बंड कील बंदरात पसरले, तिथून शहरांत गेले आणि ९ नोव्हेंबरला कैसरची राजवट संपली.