सात-दोन-नऊ

"सात-दोन-नऊ" हे उलट म्हणा बरं. नऊ-दोन-सात! सोपं आहे, पण आकडे वाढले की आपणही अडखळतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून जिल्ह्यातल्या 6 गावांत गरोदर बायकांच्या आहाराच्या, रक्ताच्या नोंदी ठेवल्या. पुढे त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलांना असेच आकडे उलट म्हणायला सांगितले. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यांची मुलं यात आणि रंगीत गोल क्रमाने जोडण्यात थोडी मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक नव्हता, म्हणून घाबरू नका.

बी-12 दुधात, अंड्यांत, मटणात असतं. याच जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडचं दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जातं. त्याआधी घरातल्या गरोदर सुनेचा पेला भरा.