स्तनातील गाठ आणि पेशींवरील शर्करा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिलांच्या सभेपुढे केलेले भाषण)



स्तनात गाठ हाताला लागली म्हणजे आपल्या घरांतून ती प्रथम लपविली जाते. वस्तुतः पुष्कळशा गाठी साध्या असतात. परंतु साधी कोणती व कर्करोगाची कोणती, हे नुसते चाचपून निश्चित कळत नाही. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तेथे शास्त्रज्ञांना जे आढळले त्यातील एक नवलाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

आपल्या प्रत्येक पेशीवर शर्करेच्या साखळ्यांचे आवरण असते. ही शर्करा पेशी स्वतः गुंफते. चहात साखर कमी घातल्याने तिच्यात फरक पडत नाही. (हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे.) लांडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात वर्णिलेले रक्तगटसुद्धा अशाच साखळ्यांच्या टोकांवरून ठरतात.

स्तनाच्या निरोगी पेशीत या साखळ्या लांब असतात आणि त्यांची आतील कडी झाकलेली राहते. कर्करोगात ही गुंफण बिघडते, साखळ्या आखूड राहतात व झाकलेली कडी उघडी पडते. ती ओळखावयाची कशी? आपल्या भुईमुगाच्या दाण्यात एक प्रथिन आहे, ते नेमके या उघड्या कडीला चिकटते! साध्या गाठीत ते बहुधा दुग्धनलिकेच्या आतल्या कडेशीच दिसते. कर्करोगाच्या पेशींत मात्र ते अस्ताव्यस्त पसरलेले आढळते.

यूरोपात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या एका गोगलगाईचे प्रथिनही असेच उपयोगी पडले. लंडनचे लेदम व ब्रुक्स यांनी १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले की, ज्या कर्करोगाच्या गाठींना ते चिकटते त्या रुग्णांत रोग उलटण्याचा संभव अधिक. जी पेशी काखेतील ग्रंथींकडे प्रवासास निघणार, तिचा वेषही बदललेला असतो, असेच म्हणावे लागेल.

एका भगिनीने चिठ्ठीतून विचारले आहे, "मग रक्त तपासून भागणार नाही काय?" प्रश्नामागचा संकोच आम्ही जाणतो. अशाच शर्करायुक्त प्रथिनाचा अंश मोजणारी 'सीए १५-३' नावाची रक्ततपासणी आहे. पसरलेल्या रोगावर उपचार चालू असता तिचा उपयोग होतो. आरंभीच्या रोगात मात्र ती बहुधा निर्दोषच येते; तेव्हा तिच्या भरवशावर गाठ घेऊन घरी बसणे आम्हांस मुळीच मान्य नाही. बाई, आपण डॉक्टरांकडे जावे. सोबत हवी असल्यास सभेनंतर आमच्या कुटुंबास भेटावे.