काळ्या रानात पाते चालवताना हायड्रॉलिक कसे लावावे



तापीकाठचे काळे, भारी रान सपाट नसले तर काय होते, हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सांगायला नको. खोलगट जागी पाणी साचून मुळे कुजतात, उंचवट्यावरचे रोप तहानलेले राहते. म्हणून आपण ट्रॅक्टरला मागे पाते जोडून रान सपाट करतो. पण पुष्कळदा काम झाल्यावर रानात लाटा पडलेल्या दिसतात. दोष ड्रायव्हरला देतो; खरी चूक हायड्रॉलिकच्या दांड्यात असते.

बघा, ट्रॅक्टरला ड्राफ्ट आणि पोझिशन असे दोन कंट्रोल असतात. ड्राफ्ट कंट्रोल मुळात नांगरासाठी. हॅरी फर्ग्युसन यांची ही रचना १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे सर्वदूर पोहोचली. ओढ वाढली की अवजार आपोआप वर उचलते, ओढ कमी झाली की खाली जाते. नांगराला हे चांगले. पात्यापुढे मात्र माती साचली की ओढ वाढते, पाते उचलते, माती सुटते, पाते पुन्हा खाली बसते. याच त्या लाटा! म्हणून पात्याला पोझिशन कंट्रोलच वापरावा. तो दांडा ठेवाल त्या उंचीवर पाते धरून ठेवतो. ड्राफ्टचा दांडा अशा वेळी कुठे ठेवायचा, ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाहून घ्या.

आता जुळवणी. दोन्ही मागच्या टायरमध्ये हवा सारखी ठेवा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पाते चार बोटे उचला आणि दोन्ही टोकांचे जमिनीपासूनचे अंतर मोजा. फरक असला तर उजव्या लिफ्ट रॉडचे हँडल फिरवून सारखे करा. बाजूच्या साखळ्या ताणून घ्या, म्हणजे पाते झोके खाणार नाही. टॉप लिंक लांब केली की पात्याची धार पुढे येते आणि माती जास्त घेते. आखूड केली की धार मागे जाते आणि पाते नुसते खरवडते. भारी रानात सुरुवात आखूड लिंकने करावी.

पोझिशन कंट्रोल लावला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची चाके उंचवट्यावर चढली की मागचे पाते खाली दबते. म्हणून लहान गिअरात, सावकाश चाला. एका वेळी इंच-दीड इंचच माती घ्या. पहिला फेरा उभा, दुसरा आडवा मारा. एकदम खोल कापले तर खालची कच्ची माती वर येते आणि त्या पट्ट्यात कपाशी पिवळी पडते.

वाफसा पाहूनच काम करा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने सहज फुटला तर रान तयार. माती बोटांना चिकटली तर थांबा. ओल्या रानात पात्याला चिखल लागतो आणि चाकांखाली जमीन घट्ट होते. रान कडक वाळले असेल तर आधी कल्टिव्हेटर मारून ढेकळे फोडा.

पूर्वी बैलांच्या केणीवर गडी हाताने दाब कमी-जास्त करी. आता तेच काम दांड्यावरच्या तुमच्या हाताचे आहे.

शेवटी जिवाची गोष्ट. उचललेल्या पात्याखाली हात घालू नका. खाली उतरण्याआधी पाते जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. आणि टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून काहीही ओढू नका. ट्रॅक्टर मागे उलटतो.