पथ्य कुणी पाळायचं?

माझी भाची बारावी झाली आणि म्हणाली, "मामू, मला निसर्गोपचार शिकायचाय." घरात कुणी बोलेना. कारण माझे मेहुणे, म्हणजे तिचे अब्बा, चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करतात. त्यांना मधुमेह आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि नुसता कारल्याचा रस घेतला. पायाची जखम चिघळली, एक बोट कापावं लागलं. "माझं बोट गेलं ते याच नादानं," ते म्हणाले. "म्हणूनच नीट शिकायचंय," ती म्हणाली.

मी चौकशी केली. बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष अनुभवाचं. माती, पाणी, उपवास, आहार, योग हे तर आहेच. पण शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्रही शिकावं लागतं.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे राहत. 18 नोव्हेंबर 1945 रोजी तिथेच निसर्गोपचाराचा अखिल भारतीय ट्रस्ट स्थापन झाला. पुढे मार्च 1946 मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला खेड्यातल्या गरिबांसाठी हे काम सुरू केलं. मेहतांच्या त्याच वास्तूत, आजच्या बापू भवनात, 1986 पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान चालू झालं. पण याच गांधीजींवर जानेवारी 1924 मध्ये ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. मातीच्या पट्टीवर श्रद्धा असलेला माणूसही वेळ आली तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. आणि आमची पिंपरी तर पेनिसिलीनची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे 1954 साली उभी राहिली. जंतुसंसर्गातून या औषधानं किती जीव वाचवले, हे इथल्या लेकराला सांगावं लागत नाही.

तेव्हा झगडा माती आणि गोळी यांच्यात नाहीच. कुठे काय चालतं आणि रोग्याला दुसरीकडे कधी धाडायचं, हे कळण्यासाठीच शिक्षण.

आणखी एक गोष्ट आहे. "रात्री दहाला झोपा, वेळेवर जेवा," असं डॉक्टर सांगतात. मेहुणे दहाला कंपनीच्या बसमध्ये असतात. दर आठवड्याला पाळी बदलते, तसं जेवण बदलतं, झोप बदलते. पहाटे भूक लागली की हाताशी वडापाव. अशा माणसाला जीवनशैली सुधारा म्हणणं सोपं आहे. पथ्य रोग्यानं पाळावं हे खरं. पण थोडं कारखान्याच्या वेळापत्रकानं आणि कँटीननंही पाळायला नको का?

भाचीनं हल्ली एक वही घातली आहे. एका रकान्यात अब्बांची साखर, शेजारी त्यांची पाळी. मेहुण्यांनी ती वही बरीच उलटीपालटी केली. मग प्रवेश अर्जावर सही करत म्हणाले, "शीक. पण माझी गोळी बंद करायची नाही."

"अब्बा, पहिला धडा तोच आहे," ती म्हणाली.