न पटणाऱ्या लेखकाची युद्धकथा

ज्याचं राजकारण आपल्याला अजिबात मान्य नाही, त्याच लेखकाची युद्धकथा रात्र जागून वाचावीशी वाटते आणि मग मनाला टोचणी लागते. टॉम क्लॅन्सी या अमेरिकन कादंबरीकाराबद्दल माझं असं होतं. पण ती टोचणीही वाचनाच्या कामी येते, असं माझं ठाम मत आहे.

क्लॅन्सी मेरीलँडमधला विमा एजंट. दृष्टी अधू, म्हणून सैन्यात जाता आलं नाही. १९८४ साली त्याची पहिली कादंबरी 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' निघाली आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिची वाखाणणी केली. रेगन यांच्यावर क्लॅन्सीची भक्तीच होती. अमेरिकेचं बळ म्हणजे जगाचं भलं, ही श्रद्धा त्याच्या पानापानांवर दिसते. मला ती पटत नाही.

आता कथेची बांधणी पाहा. मार्को रामियस हा सोव्हिएत कप्तान जवळजवळ आवाज न करणारी नवी पाणबुडी घेऊन अमेरिकेकडे पळून निघाला आहे. निघण्यापूर्वी तो आपल्याच वरिष्ठाला पत्र टाकतो : मी चाललो! म्हणजे परतीची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. पत्र पोचताच सोव्हिएत आरमार त्याच्या मागे लागतं. हे आरमार अटलांटिकमध्ये का घुसलंय, हे अमेरिकेला कळत नाही. वाचकाला मात्र सगळं ठाऊक असतं. उत्कंठा वाढवायला लेखक काही लपवतच नाही; कोणाला काय माहीत आहे, याचा हिशेब तो इतका चोख ठेवतो की त्यातूनच ताण वाढत जातो. अमेरिकन पाणबुडीवरचा जोन्स हा तरुण खलाशी सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला, कान लावून बसतो, समुद्राच्या गोंगाटातून एक पुसट आवाज वेगळा काढतो. ही पानं सावकाश वाचा. एखाद्या माणसाचं कामातलं कसब इतक्या प्रेमाने लिहिलेलं क्वचितच सापडतं.

या कथेमागे एक खरी घटना आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये 'स्तोरोझेवोय' या सोव्हिएत युद्धनौकेवर वालेरी साब्लिन या अधिकाऱ्याने बंड केलं. पण साब्लिनला देश सोडायचा नव्हता. तो लेनिनला मानणारा, पक्का साम्यवादी. भ्रष्ट राजवटीविरुद्ध लोकांना पुन्हा क्रांतीची हाक द्यायला तो रीगाहून लेनिनग्राडकडे निघाला होता. त्याला पकडलं आणि १९७६ मध्ये मृत्युदंड दिला. क्लॅन्सीच्या कादंबरीत बंडखोर अमेरिकेच्या आश्रयाला येतो. लेखकाचं राजकारण कथेला कुठे वळवतं, ते इथे लख्ख दिसतं. साब्लिन माहीत असलेला वाचक ही कादंबरी अधिक जाणतेपणाने वाचतो, आणि तरीही पान उलटतोच.

राजकारण कलेला नेहमीच मारतं असंही नाही. रामियसची बायको दारूच्या नशेतल्या सर्जनमुळे दगावली, आणि बड्या बापाचा मुलगा म्हणून सर्जन सुटला. व्यवस्थेवरचा क्लॅन्सीचा राग इथे एका माणसाच्या दुःखातून येतो, म्हणून तो आपल्यालाही भिडतो. उलट १९९४ च्या 'डेट ऑफ ऑनर'मध्ये जपान अमेरिकेशी युद्ध छेडतो आणि भारत श्रीलंकेवर डोळा ठेवून आरमार हलवतो. त्यातली भारतीय माणसं पात्रं कमी, प्यादी जास्त. तिथे मी चिडते, ती केवळ भारतीय म्हणून नव्हे. शत्रूला मन दिलं नाही, की युद्धकथेतली चुरसच संपते.

तेव्हा श्रोतेहो, आधी 'रेड ऑक्टोबर' वाचा, मग 'डेट ऑफ ऑनर'. जिथे लेखकाशी भांडावंसं वाटेल, तिथे समासात पेन्सिलने खूण करा आणि पुढे वाचत राहा. दुसऱ्या वाचनात आधी त्या खुणांपाशी जा आणि पात्र तिथे जिवंत आहे का, ते तपासा.