भट्टीतील उष्णतेचा प्रवास

श्रोतेहो, विटांची भट्टी उकलताना आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. एकाच मातीच्या, एकाच दिवशी रचलेल्या विटा. पण मधल्या काही वितळून एकमेकींस चिकटलेल्या, तर कडेच्या फिकट व कच्च्या. भट्टी एकच असली तरी तिच्यातील आच सर्वत्र सारखी नसते.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते. तप्त वायू तिला वाहून आणतात, हे अभिसरण. घन पदार्थातून ती कणाकणाने पुढे सरकते, हे वहन. निखारे व भिंती तिला प्रकाशाप्रमाणे फेकतात, हे प्रारण. योसेफ स्टेफान यांनी १८७९ साली मांडलेल्या नियमानुसार भिंतीचे तापमान १२०० अंश सेल्सिअसवरून १५०० वर गेले, तर तिचे प्रारण सुमारे दुप्पट होते. म्हणजे पृष्ठभाग झपाट्याने तापतो. गाभ्यापर्यंत मात्र उष्णता वहनाच्या संथ गतीनेच पोहोचते. हे अंतर राखणे हीच भट्टीवाल्याची खरी विद्या होय.

ही विद्या आमच्या बोथच्या परिसरास परकी नाही. येथून दक्षिणेस, निर्मलच्या पुढे गोदावरी ओलांडली की कोनसमुद्रम लागते. तेथील पोलादाच्या भट्ट्यांचे डॉ. वॉयसी यांनी केलेले वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाले. तेथील कारागीर दोन प्रकारचे लोखंड मातीच्या मुशीत घालून भात्यांच्या साहाय्याने अहोरात्र आच देत. शुद्ध लोखंड १५३८ अंशांस वितळते; कर्बयुक्त लोखंडास त्याहून कमी आच पुरते, म्हणून कोळशाच्या भट्टीत हे साधले. परंतु मुशीतून निघालेली वडी इतकी कठीण असे की, ती तशीच घडविता येत नसे. म्हणून तिला मातीने लिंपून मंद आचेवर कित्येक तास तापवीत व निववीत. असे तीन-चार वेळा. मातीचा लेप उष्णतेचा वेग आवरून धरी. हातात तापमापक नसताना त्या कारागिरांनी हा संयम आत्मसात केला होता. उतावीळपणाची किंमत त्यांना तडकलेल्या वडीने, म्हणजेच बुडालेल्या श्रमाने, मोजावी लागे.

त्या भट्ट्या आता विझल्या आहेत. पण आजच्या कारखान्यातही पोलादाचे ठोकळे लाटण्यापूर्वी गाभा व पृष्ठभाग समान तापेपर्यंत भट्टीत राखून ठेवावे लागतात. घाई केली तर माल बिघडतो. अकारण विलंब केला तर इंधन वाया जाते. तेव्हा तापमापकाचा एकच आकडा पाहून कोणी निश्चिंत होऊ नये. तो आकडा एका जागेचा असतो. कडेला आच किती, गाभ्यात किती आणि ती किती वेळ टिकली, हेही विचारावे.